उजवीकडच्या खुर्चीतला माणूस

लंडी खाना नावाचं एक रेल्वे स्टेशन आहे. म्हणजे होतं. खैबर खिंडीतून जाणारा लोहमार्ग १९२५ मध्ये लंडी कोतलपर्यंत पोचला, पुढच्या वर्षी तो आणखी थोडा पुढे, अफगाण सरहद्दीच्या तोंडाशी असलेल्या लंडी खानापर्यंत नेला गेला, आणि १९३२ मध्ये त्या शेवटच्या तुकड्यावरची गाडी बंद झाली. गाडी बंद झाली तरी नकाशावरचं नाव पुसायला कुणाला सवड झाली नाही. चाळीस वर्षांनी, १३ ऑगस्ट १९७२ च्या सकाळी, लंडी कोतलच्या बाजारात तीन तरुणांनी लंडी खानाला कसं जायचं, वाहन मिळेल का, अशी चौकशी केली. ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडली. जिथं कुणीच जात नाही तिथं यांचं काय काम?

तिघांनी आपली नावं सांगितली फिलिप पीटर, अली अमीर आणि हॅरॉल्ड जेकब. पाकिस्तानी वायुदलात नोकरीला आहोत, लाहोरहून सुट्टीत फिरायला आलोय, असंही सांगितलं. खरी नावं होती दिलीप परुळकर, मल्विंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी. तिघेही भारतीय वायुदलाचे अधिकारी, जेट लढाऊ विमानांचे वैमानिक. आदल्या मध्यरात्री रावळपिंडीच्या युद्धकैदी छावणीची भिंत फोडून ते बाहेर पडले होते. सरहद्द चार-पाच मैलांवर राहिली होती.

ग्रुप कॅप्टन दिलीप कमलाकर परुळकर १० ऑगस्ट २०२५ रोजी पुण्यात गेले. त्या धाडसाला त्रेपन्न वर्षं पुरी व्हायला तीन दिवस कमी होते. बातमी इथं जयपुरात मी मोबाइलवर वाचली, मग एकामागून एक चार-पाच ठिकाणी वाचली. सगळीकडे तीच भिंत, तेच भोक, तोच खैबर. आणि जवळजवळ प्रत्येक बातमीच्या तळाशी, जागा उरली म्हणून टाकावी तशी एक ओळ होती: नोकरीचा बराचसा काळ त्यांनी उड्डाण प्रशिक्षक म्हणून काढला. मी स्वतः जन्मभर मास्तरकी केलेला माणूस. माझी नजर त्या ओळीवर अडली ती अडलीच. पुढची पानं त्या एका ओळीपायी लिहिली आहेत.

ही पुस्तिका जयपुरातल्या मराठी घरांतल्या मुलांसाठी आहे. ही घरं नाना तऱ्हेची. कुणी बँकेच्या बदलीत आलेलं, कुणी रेल्वेच्या; कुणी जोहरी बाजाराच्या आसपास सोन्या-चांदीच्या गलाईचं काम करणारं, मूळचं विटा-आटपाडीकडचं. मुलं घरी मराठी बोलतात, पण त्या मराठीत विमानतळाला ‘हवाई अड्डा’च म्हणतात, आणि सांगानेरवर उतरणारं विमान दिसलं की ‘जहाज आलं’ म्हणून ओरडतात. मी दुरुस्त करत नाही. या मुलांना मी परुळकरांची गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा पहिला प्रश्न आला तो असा: यात आपलं राजस्थान कुठाय? त्याचं उत्तर आहे आणि ते पुढे येईल. दुसरा प्रश्न अवघड होता. पळून जाताना पकडले गेले, म्हणजे नापासच झाले ना?

त्या मुलाला तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत सांगून वेळ मारून नेली. खरं उत्तर द्यायचं तर आधी विमान शिकवणारा माणूस करतो काय, हे सांगायला हवं.

ज्या काळात परुळकरांनी हैदराबादजवळच्या दुंडीगलच्या वायुदल अकादमीत शिकवलं, त्या काळात तिथं जेट उड्डाणाचे धडे ‘किरण’ विमानावर दिले जात. हिंदुस्थान एअरोनॉटिक्सनं बनवलेलं हे जेट. पहिलं उड्डाण १९६४ चं. त्याची गंमत म्हणजे शिक्षक आणि शिकाऊ त्यात पुढेमागे बसत नाहीत, शेजारी शेजारी बसतात. शिकाऊ डावीकडे, शिक्षक उजवीकडे. दोघांच्या पुढ्यात स्टिक, दोघांच्या पायाशी रडर. शिक्षकाला शेजारच्याच्या कपाळावरचा घाम दिसतो, स्टिक किती घट्ट आवळून धरली आहे ते बोटांच्या पेरांवरून कळतं. आणि शिकाऊ डोळ्यांच्या कोपऱ्यातून शिक्षकाचे हात बघत असतो: मांडीवर आहेत की स्टिककडे सरकलेत?

या धंद्यातलं सगळं कसब त्या सरकण्यात आहे. शिकाऊ चुकणार. विमान धावपट्टीवर आणताना वेग कमी ठेवणार, नाक जास्त वर उचलणार. लगेच स्टिक हातात घेतली तर तो कधीच शिकत नाही. उशीर झाला तर दोघांच्याही घरी तार जायची. चूक पुरती उमगेल इतकी वाढू द्यायची आणि निस्तरता येईल त्याच्या आत थांबवायची. किती सेकंद, ते कुठल्या पुस्तकात नाही. मुद्दाम उंचावर नेऊन विमान ‘स्टॉल’ करून दाखवतात, म्हणजे पंखांवरची हवा सुटेपर्यंत नाक वर धरतात; मग गिरक्या घेत खाली कोसळणारा ‘स्पिन’ करून दाखवतात, आणि त्यातून बाहेर कसं यायचं ते त्याच्याकडून करवून घेतात. हे करताना शिक्षकाचं तोंड सतत चालू असतं. वायुदलात त्याला ‘पॅटर’ म्हणतात. हात करत असतात तेच, त्याच क्षणी, न अडखळता बोलत राहायचं. स्वयंपाक करता करता सुनेला आमटी शिकवणाऱ्या बाईला हे जमतं, बाकी आपल्यासारख्यांना नाही.

आणखी एक रीत मला फार आवडली. विमान कुणाच्या हाती आहे हे मोठ्यानं बोलायचं. ‘कंट्रोल तुझ्याकडे’ असं एकानं म्हणायचं, ‘माझ्याकडे’ असं दुसऱ्यानं. खुणा नाहीत, गृहीत धरणं नाही. दोघांनी धरलं तर भांडण होतं. दोघांनाही दुसऱ्यानं धरलंय असं वाटलं तर ते आणखी वाईट. मग एक दिवस शिक्षक विमान थांबवायला लावतो, खाली उतरतो, आणि रिकाम्या खुर्चीचे पट्टे नीट आवळून बांधतो, कारण सुटा पट्टा स्टिकमध्ये अडकला तर वर गेलेला पोर एकटा असणार. ती पहिली ‘सोलो’. शिक्षक जमिनीवर उभा राहून विमान परत येण्याची वाट बघतो. त्याच्या हातात तेव्हा काही नसतं.

परुळकर मार्च १९६३ मध्ये वायुदलात दाखल झाले. अडीच वर्षांनी पाकिस्तानबरोबरचं १९६५ चं युद्ध आलं. ते तेव्हा ‘हंटर’ उडवत होते. एका मोहिमेत त्यांच्या विमानाला गोळी लागली आणि त्यांचा उजवा खांदा जखमी झाला. लढाऊ विमानात डावा हात इंजिनाच्या थ्रॉटलवर असतो आणि उजव्या हातात स्टिक असते, हे माहीत असलं की त्या जखमेचा अर्थ वेगळा लागतो. म्होरक्यानं सल्ला दिला, इजेक्ट कर, म्हणजे विमान सोडून बाहेर पड. त्यांनी विमान सोडलं नाही, ते आपल्या तळावर आणून उतरवलं. त्यासाठी वायुसेना पदक मिळालं. याला शौर्य म्हणतात आणि ते आहेच. पण मला त्यात हिशेबही दिसतो: विमान अजून उडतंय का, किती उडेल, माझ्यानं किती झेपेल. घाबरलेला माणूस हा हिशेब करू शकत नाही, आणि नुसता शूर माणूस तो करतच नाही.

१९७१ मध्ये ते २६ व्या स्क्वाड्रनमध्ये ‘सुखोई-७’वर होते. हे रशियन विमान म्हणजे नळकांडं. नाकाच्या जागी हवा ओढणारं मोठं तोंड, दणकट शरीर, दांडगा वेग आणि पोटात इंधन मात्र बेताचं. त्या वर्षीच्या पाकिस्तानशी झालेल्या युद्धाच्या आधीच परुळकरांनी बोलून ठेवलं होतं म्हणे, की पकडलो गेलो तर पळून येईन. बोलायला काय जातं! १० डिसेंबरला लाहोरच्या बाजूला विमानविरोधी तोफांनी त्यांचं विमान टिपलं. ते इजेक्ट झाले, खाली गावकऱ्यांच्या तावडीत सापडले आणि तिथून रावळपिंडीच्या छावणीत गेले.

त्या छावणीत वायुदलाचे बारा अधिकारी जमले. सर्वांत ज्येष्ठ विंग कमांडर कोएल्हो. बाकी जाफा, कामत, तेजवंत सिंग, भार्गव, पेठिया, कुरुविला, मुल्ला-फिरोज, चाटी, आणि आपले तिघं. सुरुवातीला प्रत्येकजण वेगळ्या कोठडीत होता. नाताळच्या दिवशी त्यांना एकत्र आणलं गेलं. छावणीचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर उस्मान यांनी केक आणला होता. हे उस्मान लक्षात ठेवा.

मुलांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. या बारांतले जवाहरलाल भार्गव आपल्या बाडमेरजवळच्या उत्तरलाई तळावरून उडाले होते. विमान होतं ‘मारुत’, भारतातच आखून घडवलेलं पहिलं जेट लढाऊ विमान. ५ डिसेंबरला सिंधमध्ये नया छोरजवळ ते पडलं. भार्गव वाळवंटातून चालत राहिले, वाटेतल्या लोकांना आपण पाकिस्तानी वैमानिक मन्सूर अली असल्याचं सांगत राहिले, आणि शेवटी कलमा, म्हणजे मुसलमानांचं श्रद्धावचन, म्हणून दाखव म्हटल्यावर अडकले. त्याच वाळवंटात, त्याच आठवड्यात, जयपूरचे भवानीसिंह आपल्या दहाव्या पॅरा कमांडोंना घेऊन छाछरोवर गेले होते. त्यांना महावीर चक्र मिळालं हे इथल्या पोरासोरांना पाठ आहे. भार्गवांचं नाव मात्र एकालाही माहीत नव्हतं. आता असेल.

आता भिंतीकडे वळू. हा भाग सगळ्यांना ठाऊक असतो, म्हणून मी त्यातली धडकी भरवणारी दृश्यं पुढच्या प्रकरणांवर सोपवतो आणि इथं फक्त तयारीकडे बोट दाखवतो. जिनिव्हा करारानं युद्धकैदी अधिकाऱ्याला दरमहा थोडे पैसे मिळतात, ते साठवले. शाळेच्या ऍटलासवरून वाट ठरवली. भारताच्या बाजूची सरहद्द सुरुंगांनी आणि पहाऱ्यांनी भरलेली होती, म्हणून उलट दिशा धरायची, अफगाणिस्तान गाठायचं, हे ठरवलं. साधीसुधी हत्यारं वापरून भिंतीतल्या विटा रात्री सैल करायच्या आणि उजाडायच्या आत परत बसवायच्या, असं बरेच दिवस चाललं. बाहेर पडल्यावर आपण कोण, कुठून आलो, काय बोलायचं, याची उजळणी केली. तिघांतल्या दोघांनी ख्रिस्ती नावं घेतली ती उगाच नव्हे. कलमा म्हणायची वेळ आली तर काय, हा धडा भार्गवांच्या अनुभवानं छावणीत येऊन बसला होता. तो तिघांनी किती जाणूनबुजून गिरवला ते मी छातीठोक सांगणार नाही. पण नावं काढून बघा.

मला ही सगळी योजना एखाद्या प्रशिक्षकाच्या वहीसारखी वाटते. एकेक पायरी, प्रत्येक पायरीवर ‘हे फसलं तर काय’. आणि ती रात्र आली तेव्हा वादळही आलं. ते योजनेत नव्हतं, पण ते आल्यावर वापरायचं कसं हे ओळखणारी माणसं तयार होती. बाहेर मॉल रोडवर सिनेमाचा खेळ सुटला होता. त्या गर्दीत तिघं मिसळले. सिंहजींच्या तोंडून ‘आझादी’ निघून गेलं आणि ग्रेवालनी त्यांना लगेच थांबवलं, अजून नाही. मग पेशावरची बस, टांगा, थोडी पायपीट, पुन्हा बस, आणि सकाळी साडेनऊच्या सुमारास लंडी कोतल.

आणि तिथं नकाशानं दगा दिला.

जुन्या नकाशावर उडू नये, हे वैमानिकाला पहिल्या वर्षी शिकवतात. या तिघांना ते माहीत नव्हतं थोडंच? पण कैद्याच्या हाती जो नकाशा लागतो तोच त्याचा नकाशा. कॅनडाच्या फेथ जॉन्स्टन यांनी या प्रकरणावर २०१३ साली इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्याला नाव दिलं ‘फोर माइल्स टू फ्रीडम’. राहून गेलेल्या मैलांचं नाव पुस्तकाला मिळालं, कापलेल्या मैलांचं नाही. माझ्या त्या ‘नापास’ विचारणाऱ्या विद्यार्थ्याला हे शीर्षक फार पटेल.

पण मला विचाराल तर परुळकरांनी खरं कसब दाखवलं ते पकडल्यानंतर. आदिवासी इलाखा, १९७२ साल, सरहद्दीवर सापडलेले तीन संशयित, अंगावर ना गणवेश ना ओळखपत्र. हेर म्हणून तिथल्या तिथे गोळी घातली असती तरी विचारणारं कुणी नव्हतं. पाकिस्तानी वायुदलातली माणसं असल्याची बतावणी चौकशीत टिकेना. तेव्हा परुळकरांनी तिथल्या बर्की नावाच्या अधिकाऱ्याला विनंती केली, पाकिस्तानी वायुदल प्रमुखांच्या एडीसीला, म्हणजे त्यांच्या मदतनीस अधिकाऱ्याला, एक फोन लावू द्या. तो एडीसी म्हणजे छावणीतले केकवाले उस्मान. त्यांची बदली तिथं झाल्याचं परुळकरांना माहीत होतं आणि त्या घडीला ते आठवलंही. फोन लागला. परुळकरांनी खरं सांगितलं. उस्माननी बर्कींना बजावलं, ही आपल्या ताब्यातली माणसं आहेत, यांच्या केसाला धक्का लागता कामा नये.

विमान गिरक्या घेत कोसळतंय, उंची संपत आली आहे, आणि शिकवल्यापैकी नेमकी कुठली गोष्ट आता करायची हे आठवायचं आहे. त्या फोनला मी यापेक्षा वेगळं काही म्हणू शकत नाही. आणि पलीकडच्या बाजूला शत्रूचा असूनही शब्द राखणारा अधिकारी असावा लागतो, हेही खरं. उस्मानना या पुस्तिकेत एक पूर्ण प्रकरण दिलं आहे. एका मित्रानं त्यावर नाक मुरडलं. मुरडू दे.

पुढे एकांतकोठडी, मग लायलपूरचा तुरुंग, आणि १ डिसेंबर १९७२ ला वाघा. पायी चालत सगळे परत आले.

सगळे म्हणजे हे बारा. तसंच ‘सुखोई-७’ उडवणारे फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे ५ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानातल्या शोरकोटवरच्या हल्ल्याला निघाले आणि परतीच्या यादीत त्यांचं नाव आलं नाही. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या. त्यांनी उरलेलं आयुष्य नवऱ्याचा शोध घेण्यात घातलं. भारत सरकारच्या बेपत्ता सैनिकांच्या यादीत चोपन्न नावं आहेत, त्यांतलं एक तांब्यांचं. मुलांच्या पुस्तकात हे कशाला, असं मला विचारलं गेलं. परुळकरांच्या सुटकेची गोष्ट तांब्यांचं नाव न घेता सांगितली तर ती अर्धीच होते, एवढंच माझं म्हणणं.

परत आल्यावर परुळकरांना विशिष्ट सेवा पदक मिळालं. पलायनाचा पुढाकार घेण्यातलं धैर्य आणि देशाभिमान, हे त्याचं कारण. आणि मग बातम्यांतल्या त्या शेवटच्या ओळीतलं आयुष्य: अकादमीत प्रशिक्षक, दोन वर्षं सिंगापूरला, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत बटालियन कमांडर. २०१९ मध्ये या पलायनावर हिंदी चित्रपटही निघाला. उजवीकडच्या खुर्चीवर कुणी चित्रपट काढत नाही आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. रोज सकाळी तेच सर्किट, तीच धावपट्टी, तोच ‘वेग बघ, वेग’. पडद्यावर दहा मिनिटांत लोक उठून जातील. शिकाऊ वैमानिकाच्या लॉगबुकात प्रत्येक उड्डाणापुढे सोबतच्या शिक्षकाचं नाव लिहिलेलं असतं. पहिल्या सोलोच्या ओळीत ते नसतं. शिकवणाऱ्याचं यश त्या ओळीतून त्याचं नाव गळण्यात असतं, हे माझ्यासारख्या खडू-फळ्यावाल्याला थोडं झोंबतं आणि थोडं सुखावतंही.

   

शेवटी एक सूचना. पुस्तिकेच्या अखेरच्या पानावर मी हातानं एक नकाशा काढला आहे: रावळपिंडी, पेशावर, जमरूद, लंडी कोतल, तोरखम. पहिला कच्चा नकाशा दाखवला तेव्हा नववीतल्या एका मुलीनं विचारलं, लंडी खाना कशाला दाखवलंत, ते तर बंद आहे ना? मी ते खोडणार होतो. मग तिलाच पेन्सिल दिली. आता त्या ठिपक्याशेजारी, तिच्या अक्षरात, ‘१९३२ पासून गाडी बंद’ असं लिहिलेलं आहे.